चतुराबाईंचा रद्द चेक

गांगुर्डे कारकुनांनी चेक आधी चष्म्यातून पाहिला, मग चष्म्यावरून पाहिला आणि शेवटी चष्माच काढून टेबलावर ठेवला. आपल्या हातून काहीतरी घोळ झालाय, हे चतुराबाईंनी तेव्हाच ओळखलं.

१९७८ सालचा उन्हाळा होता. द्वारका चौकाजवळच्या बँकेत पंखा होता, पण तो साहेबांच्या डोक्यावर. काउंटरच्या अलीकडे घाम पुसत दोघीजणी उभ्या होत्या. चतुराबाई साळवे या वसाहतीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. साठीला टेकलेल्या, उभा जन्म विड्या वळण्यात गेलेला. शेजारी मंडळाच्या चिटणीस भिमाबाई, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. मंडळाची बालवाडी दोन वर्षं लिंबाखाली भरत होती. आता तिच्यावर पत्रे पडायचे होते आणि पत्रेवाल्याच्या नावाचा हा मंडळाचा पहिलावहिला चेक होता. पत्रेवाल्यानं तो हातात घेऊन मान हलवली होती आणि म्हणाला होता, "बाई, आधी बँकेत दाखवून आणा."

"मावशी, ही सही तुमचीच?" गांगुर्ड्यांनी विचारलं.

"माझीच. दुसरं कोन करनार?"

"मग हा अंगठा कुणाचा?"

"त्यो बी माझाच."

खरी गोष्ट अशी, की खातं उघडायचं ठरलं तेव्हा चतुराबाईंनी हट्टानं सही शिकून घेतली. बालवाडीतली पोरं अ आ इ गिरवायची आणि अध्यक्षीणबाई त्यांच्याच ओळीत पाटी घेऊन बसायच्या. तीन महिने घासून-पुसून 'चतुराबाई साळवे' एवढी आठ अक्षरं आणि त्यांचे काने, उकार, मात्रा हाताला बसल्या. बाकीची अक्षरं राहिली ती राहिलीच. काल संध्याकाळी भिमाबाईंनी चेक लिहिला, स्वतःची सही केली आणि चेक चतुराबाईंकडे ठेवून त्या घरी गेल्या. चतुराबाईंनी सही केली. झाली पण छान. बघता बघता त्यांना वाटलं, एवढ्या पैशाचा कागद, नुसत्या सहीवर कसा सोडायचा? सही काय, कुणीही शिकून करील. अंगठा दुसऱ्याचा कसा येईल? मंडळाच्या शिक्क्याची शाईची डबी घरातच होती. चतुराबाईंनी अंगठा भरभरून शाईत बुडवला आणि चेकवर दाबला. तो नेमका रकमेच्या आकड्यांवर पडला.

हे सगळं ऐकून गांगुर्डे हसले, पण खवचटपणे नाही. माणूस भला होता.

"विचार चुकीचा नाही मावशी. पण आकडा शाईखाली गेला. शिवाय तुमचं खातं सहीचं, त्यात अंगठा चालत नाही. हा चेक रद्द करावा लागेल."

चतुराबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी चटकन हात पुढे केला. "द्या इकडं. घरी जाऊन चुलीत घालते. कुनाला सांगू नका म्हंजे झालं."

"अहो, तीच चूक करू नका! चेकबुकात प्रत्येक पानाला नंबर असतो. हे पान जाळलं तर उद्या हिशेब तपासनीस विचारील, हे पान गेलं कुठं? कुणी वटवलं? तेव्हा काय सांगाल? आणि नुसतं फाडून टाकलं तर तुकडे जोडणारेही महाभाग असतात." गांगुर्ड्यांनी चेक काउंटरवर सरळ केला. "कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारायच्या. मधे ठळक 'रद्द' लिहायचं. सही काट मारून निकामी करायची, कारण चेकचा जीव सहीत असतो. मग तो चेकबुकातच टाचून ठेवायचा आणि चेकबुकात राहणाऱ्या तुकड्यावर, म्हणजे स्थळप्रतीवर, लिहायचं, की अमुक कारणानं रद्द. झालं. पुढच्या पानावर नवा चेक."

भिमाबाईंनी पेन काढलं. चतुराबाईंनी त्यांचा हात धरला.

"माझ्या नावावर काट मारनार?"

"मावशी, फक्त या कागदावर," भिमाबाई म्हणाल्या.

"कागदावरच तर हाय ना नाव. आजवर होतं कुठं?"

कारखान्याच्या वहीत चाळीस वर्षं चतुराबाईंच्या नावापुढे ठेकेदार लिहायचा आणि या अंगठा द्यायच्या. काय लिहिलंय ते तोच सांगायचा. विड्या कमी भरल्या म्हणाला तर कमी. त्या वहीतलं आपलं नाव कसं दिसतं, हेसुद्धा त्यांना कधी कळलं नाही. आणि आता मोठ्या हौसेनं, स्वतःच्या हातानं पहिल्यांदा पैशाच्या कागदावर लिहिलेलं नाव लोक खोडायला निघाले होते. चतुराबाईंना फार वाईट वाटलं. रडू येत होतं, पण बँकेत रडायची त्यांना लाज वाटली.

गांगुर्ड्यांना बाईंची दया आली. त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील फॉर्म काढला. "असं करा मावशी. जिवाला त्रास कशाला? खातं अंगठ्याचं करून घेऊ. दरवेळी तुम्ही इथं यायचं, माझ्यासमोर अंगठा लावायचा. मी आहेच की. तुम्हाला काही लिहायला नको आणि चुकायला नको."

सोय चांगली होती. चतुराबाईंनी फॉर्म हातात घेतला. मागे रांग वाढत होती, कुणीतरी घसा खाकरला. एक अंगठा टेकला, की सुटले. त्यांनी भिमाबाईंकडे पाहिलं. भिमाबाईंनी नजर खाली घातली. ठरवायचं ते चतुराबाईंनाच ठरवायचं होतं.

"साहेब, ह्या फॉर्मात काय लिहिलंय?"

"नेहमीचंच. मी सांगतो की वाचून."

"तुमी सांगनार," चतुराबाई हळू म्हणाल्या. "त्यो ठेकेदार बी सांगायचा."

गांगुर्ड्यांचा चेहरा पडला. चतुराबाईंना ते दिसलं. "तुमी त्याच्यावानी नाय, साहेब. लय चांगले हायसा. पर तुमची बदली झाली मंग?" त्यांनी फॉर्म काउंटरवर ठेवला आणि भिमाबाईंच्या हातातलं पेन घेतलं. "त्यो शब्द कसा लिव्हायचा? रद्द?"

गांगुर्ड्यांनी एका जुन्या स्लिपच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. चतुराबाईंनी ते स्लिपवरच चारदा गिरवलं. रांगेतला एक दाढीवाला म्हणाला, "बाई, बँक बंद व्हायची वेळ झाली." गांगुर्डे त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "होऊ द्या. तुमचं काम करूनच मी उठेन."

मग चतुराबाईंनी चेक पुढे ओढला. तिरक्या दोन रेघा मारल्या, वाकड्यातिकड्या, पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मधे, नेमकं अंगठ्याच्या निळ्या डागावर, 'रद्द' लिहिलं. नावाशिवाय त्यांनी आयुष्यात लिहिलेला हा पहिला शब्द.

"सहीवरची काट मी मारू का?" भिमाबाईंनी हळूच विचारलं.

"नको, मीच मारते," चतुराबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपल्या नावावरून सरळ रेघ ओढली. "खोडलं तर खोडलं. मला परत लिव्हता येतं की."