रिकामा खिळा

नंदाच्या मनात पाल चुकचुकली ती एका रिकाम्या खिळ्यामुळे.

त्या पौर्णिमेला वंदना आटोपून सगळे पांगले आणि खिरीचं पातेलं हॉलवरच राहिलं, म्हणून ती बसस्टॉपवरून माघारी फिरली. सिंगापूरच्या जू चियाट भागातल्या एका जुन्या शॉपहाऊसचा, म्हणजे खाली दुकान असलेल्या घराचा, वरचा मजला, तोच त्यांचा हॉल. दाराच्या काचेतून पाहते तर आत ते दुसरे लोक गोल करून बसलेले, मधोमध मेणबत्ती, आणि समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो नाही. नुसता खिळा. पातेलं न घेता ती तशीच खाली उतरली.

ते दुसरे लोक म्हणजे पेगन. चंद्र, झाडं, ऋतू आणि कुठल्या कुठल्या जुन्या देवता मानणारी मंडळी, सगळ्या सिंगापुरात मिळून मूठभर. नंदाचा बौद्ध संघही मूठभरच. दोघांनाही हॉल हवा तो नेमका पौर्णिमेला, त्यावरून जागामालकाच्या दारात गाठ पडली, आणि एकट्याला न झेपणारी जागा दोघांनी मिळून घेतली. संध्याकाळ आधी ह्यांची, मग त्यांची. नंदाचा नवरा रत्नदीप जुरोंग आयलंडवर इंजिनिअर. त्याने मित्रांना हाताशी धरून वायरिंग केलं, पंखे बसवले. त्या लोकांनी कपाटं ठोकली, पडदे शिवले. गालिचा दोघांत एक, चपलांचा रॅक एक. बुद्धमूर्ती कपाटात, दार लावलं की झालं. बाबासाहेबांचा फोटो मोठा, म्हणून तो कायम भिंतीवर. निदान नंदा तरी तसं समजत होती.

तसं सगळं गोडीत चाललं होतं. फक्त अश्लेषा तिच्या डोळ्यात खुपायची. ही त्या पेगनांतली एकटी मराठी बाई, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आणि आडनाव असं की ऐकताक्षणी पुण्यातली पेठ डोळ्यांपुढे उभी राहावी. तिला ह्या चंद्रवाल्यांत काय सापडलं होतं कुणास ठाऊक. बोलणं मात्र साखरेत घोळलेलं. नंदाताई, खीर काय सुरेख झाली होती हो!

साखरेचं बोलणं नंदाने पुण्यातच पचवलं होतं. कॉलेजात असताना घरमालकीण हसत हसत म्हणाली होती, भिंत रंगवायचीय, तेवढा फोटो काढून ठेव गं. भिंत रंगली. मग म्हणाली, आता नव्या रंगावर खिळा नको ठोकूस. फोटो ट्रंकेत गेला, आणि थोड्याच दिवसांत नंदालाही ती खोली सोडावी लागली. तेव्हापासून कुणी तो फोटो भिंतीवरून काढला तर त्याचा अर्थ काय, हे तिला समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

पण नंदा बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेत काम करणारी, पुराव्याशिवाय तोंड उघडणारी नव्हे. पुढच्या पौर्णिमेला निघताना तिने फ्रेमच्या कडेने भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ मारली. रविवारी संघाच्या मुलांच्या धम्मवर्गाला आली ती आधी भिंतीपाशी गेली. फ्रेम रेघेपासून सरकलेली. म्हणजे दर वेळी काढतात, आणि गुपचूप परत लावून ठेवतात. वर काचसुद्धा पुसलेली! तिला ती पुसलेली काचही संशयाची वाटली. काय पुसलं असेल?

घरी सांगितलं तर रत्नदीप म्हणाला, सरळ विचार ना. लेक आर्या मोबाइलमधून मान वर न काढता सिंगापुरी ढंगात म्हणाली, जस्ट आस्क देम, ला. विचार म्हणे! विचारलं की लोक गोड उत्तर देतात, आणि त्या गोड उत्तराचं पुढे काय होतं ते ह्या दोघांना काय माहीत. त्यात हॉलचा करार संपत आलेला. नव्या करारावर दोन्हीकडून एकेक सही लागणार होती आणि संघाची सचिव नंदाच. तिने सही केली नाही तर हॉल दोघांच्याही हातून जाणार, वर्गाची पोरं पुन्हा कुणाच्या तरी कॉन्डोच्या आवारात चटई टाकून बसणार, हे तिला कळत होतं. जीव तुटत होता तिचा. पण जिथे आपण पाठ फिरवली की बाबासाहेबांना आत सारतात, तिथे पोरांना बसवून शिकवायचं तरी काय?

सह्या वंदनेनंतर, ती दुसरी मंडळी आली की हॉलवरच व्हायच्या होत्या, आणि ती संध्याकाळही पौर्णिमेचीच होती. वंदना झाली, सगळे गेले. नंदा खुर्चीवर चढली, तिने स्वतःच्या हाताने फोटो काढला, ओढणीत गुंडाळला आणि सरळ मरीन परेडला घरी घेऊन आली. आता काढा म्हणावं काय काढायचं ते! सही करायला ती परत जाणारच नव्हती.

थोड्या वेळाने अश्लेषाचा फोन आला. आवाज पार उतरलेला. फोटो जागेवर नाही, कपाटं उघडून पाहिली, मागची खोली पाहिली, तुमच्यानंतर कुणी आलं होतं का हो? मला काय माहीत, असं म्हणून नंदाने फोन ठेवला. फोटो समोर सोफ्यावर होता. तिने त्याच्याकडे पाठ केली.

तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो आवाज साखरेचा नव्हता. तो घाबरलेला होता, आणि घाबरलेला आवाज नंदाला चांगला ओळखू यायचा. रत्नदीप नुसता आधी फोटोकडे आणि मग तिच्याकडे बघत राहिला. तेही तिला झोंबलं. शेवटी फोटो पुन्हा ओढणीत गुंडाळून ती बसमध्ये चढली. बघूच काय नाटक आहे ते, असं स्वतःला बजावत.

हॉलमध्ये मेणबत्ती पेटलेली नव्हती. मंडळी गालिचा उचलून, चपलांचा रॅक ओढून शोधत होती. त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या मिसेस गोह, एरवी गुडघे धरून चालणाऱ्या, कपाटाखाली वाकल्या होत्या. नंदाच्या हातातलं पाहून त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि काही न विचारता तिला मागच्या खोलीत नेलं. तिथे खिडकीपाशी एक खुर्ची मांडलेली. तिच्यावर इस्त्री केलेली पांढरी चादर, शेजारी ताजी चाफ्याची फुलं. खुर्ची रिकामी होती.

हे काय, असं नंदाने विचारलं. मिसेस गोह सांगू लागल्या. फोटोशेजारी तुम्हीच मुलांसाठी बावीस प्रतिज्ञा इंग्रजीत लावल्यात, त्या मी वाचल्या. ज्या माणसाने देवदेवतांना मानणार नाही असं चारचौघांत सांगितलं, त्याच्या डोळ्यांदेखत आम्ही देवीला हाका मारायच्या, हे बरं दिसत नाही. म्हणून आमचं होईपर्यंत त्यांना इथे बसवतो. इथून झाड दिसतं.

नंदाला तोंडात मारल्यासारखं झालं. पण ती अशी सहजासहजी नमणारी नव्हती. ती मागोमाग आलेल्या अश्लेषाकडे वळली. "ह्या इथल्या, ह्यांचं सोडा. पण तो फोटो काढला की आमच्या लोकांना काय आठवतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं, नंदाताई. म्हणूनच विचारायचा धीर झाला नाही," अश्लेषा म्हणाली. "माझ्या आडनावाच्या बाईने तुमच्यापुढे येऊन म्हणायचं, बाबासाहेबांचा फोटो काढू का? माझ्या तोंडून ते कसं ऐकू आलं असतं?"

नंदाने ते मनातल्या मनात ऐकून पाहिलं. थेट त्या घरमालकिणीच्या आवाजात ऐकू आलं. ह्या बाईने खरंच विचारलं असतं, तर दुसऱ्याच दिवशी आपण हॉल सोडला असता, हे तिला स्वतःशी कबूल करावं लागलं.

"चोरून काढलात तेही तसंच दिसलं," ती म्हणाली.

अश्लेषाने मान खाली घातली. फोटो कुणी नेला होता, हे तिनेही विचारलं नाही.

मग नंदाने ती खुर्ची चादरीसकट उचलून हॉलमध्ये आणली, चादर घडी करून मिसेस गोहंच्या हातात दिली, वर चढली आणि फोटो खिळ्याला अडकवला. "राहू दे इथेच," ती अश्लेषाला म्हणाली. "त्यांनी आयुष्यात काय काय पाहिलंय. तुमच्या मेणबत्तीने त्यांना काही होत नाही. आणि पुन्हा कधी काही करायचं असलं तर विचारायचं. मला राग आला तरी विचारायचं."

सही तिने केली. पण घरी काही ती लगेच गेली नाही. मंडळी गोल करून बसली, मेणबत्ती लागली, आणि नंदा दाराबाहेर चपलांच्या रॅकशेजारी बसून राहिली, काचेतून भिंत दिसेल अशी. अश्लेषाने आत बोलावलं तर म्हणाली, इथे वारा बरा येतो. तिथे वाऱ्याचा मागमूस नव्हता.

मध्येच मिसेस गोह उठल्या आणि भिंतीकडे निघाल्या, तशी नंदा ताडकन उभी राहिली. मिसेस गोहंच्या हातात ती चाफ्याची फुलं होती. फोटोखाली पोचल्यावर त्या थांबल्या, वळल्या आणि काचेतून नंदाकडे बघत त्यांनी खुणेने विचारलं, ठेवू?

नंदाने एकदा फोटोकडे पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली.