बावीस

बोगद्याच्या तोंडाशी सगळे गप्प उभे राहिले की मास्तरांना बरं वाटे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, सुरुंग लावणारे. ड्रिलरने खडकात भोकं पाडली की त्यांत दारू भरायची आणि प्रत्येकाची वात वेगळ्या लांबीची कापायची, म्हणजे सुरुंग एकदम न उडता एकामागून एक उडतात. मग बाहेर येऊन ते मोजायचे. बावीस लावले तर बावीस वाजले पाहिजेत. एक जरी कमी भरला, तर तो ढिगाऱ्याखाली तसाच जिवंत राहतो, आणि पुढच्या खेपेला ड्रिलचं टोक त्याला लागलं की ड्रिलरचा खेळ खलास. अशा न उडालेल्या सुरुंगाला तिथे 'मुका' म्हणत.

आता गंमत बघा. मुक्यावरचा पहारा बहिऱ्याकडे होता.

मास्तरांचे कान दोन वर्षांपूर्वीच गेले होते. तीस वर्षं धडामधुडूम ऐकल्यावर जाणार नाहीत तर काय होईल? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ते पंजा खडकाला टेकवून हादरे मोजत, आणि "मास्तर, किती?" असे फोरमनचे ओठ हलले की ऐटीत "बावीस" म्हणत. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण खरी भीती वेगळी होती. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या घरात दिवसचे दिवस त्यांना कोणी काही विचारत नसे. इथे मात्र रोज एकदा वीस माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत, त्यांच्या एका शब्दासाठी थांबत. तेवढ्यावर म्हातारा जगत होता. तेही गेलं तर काय?

त्या दिवशी दुपारी मोजणी एकोणीसवर आली आणि कुठलासा शहाणा आपला ट्रक, इंजिन चालूच ठेवून, अगदी त्याच खडकाला खेटून उभा करून गेला. पंजाखाली नुसती थरथर. वीस झाले? एकवीस? मग काहीच कळेना.

"मास्तर, किती?"

ड्रिलर चहाचा शेवटचा घोट घेऊन हेल्मेट चढवत होता. त्याला दोन लहान मुली होत्या, आणि जगातल्या झाडून सगळ्या गोष्टींबद्दल तक्रार होती. धूर गेला, ढिगारा उपसला की आत शिरणारा पहिला माणूस तोच.

बावीस म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? 'ब' म्हणायला मास्तरांचे ओठ सवयीने मिटलेसुद्धा होते.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

फोरमनने इतरांकडे वळून, बोटं मोजल्याची खूण करत, तुमच्यापैकी कोणी मोजले का म्हणून विचारलं. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. ड्रिलर तेवढा पुढे आला आणि मास्तरांच्या तोंडासमोर ओरडून म्हणाला, "मी कशाला मोजू? माझे कान तरी कुठे शाबूत आहेत? तुम्ही बावीस म्हणालात की मी आत जातो."

आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय म्हणतात, ते हेच. गेल्या दोन वर्षांत आपण किती वेळा नुसत्या अंदाजाने बावीस म्हणालो, हे मास्तरांना आठवू लागलं आणि आठवायचं थांबेना. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती.

फोरमनने यंत्रं बंद केली. एखादा सुरुंग मागाहून उडेल म्हणून तासभर कोणी आत गेलं नाही. मास्तर एका बाजूला दगडावर बसून राहिले. माणसं घोळक्याने उभी होती, बोलत होती, पण त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही. ज्याला ते भीत होते तेच झालं होतं.

तास संपल्यावर मात्र मास्तर उठले आणि सगळ्यांच्या पुढे झाले. ढिगारा हातांनीच, एकेक दगड उचलून बाजूला केला. खालच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात, एक भोक जसंच्या तसं होतं. अर्धी जळून विझलेली वात त्यातून बाहेर आली होती.

ड्रिलर गुडघ्यांवर बसला. भोकाकडे बघत तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालास?" मास्तरांनी विचारलं. दोन वर्षांत हा प्रश्न त्यांनी कोणालाही विचारला नव्हता. "मला ऐकू नाही आलं."

ड्रिलरने आपलं तोंड त्यांच्या डोळ्यांसमोर आणलं.

"म्हटलं, मी इथूनच सुरुवात करणार होतो."