उजव्या पायडलची कटकट

मी विमलताईंची सायकल. माझी ओळख करून द्यायची तशी गरज नाही. आमच्या गावापासून तांड्यापर्यंत मला सगळे ओळखतात, तेही न पाहता, नुसतं ऐकून. कट्... कट्... असा आवाज आला की समजायचं, मी येतेय. सायकलीच्या जन्माला येऊन एवढं नाव कितीजणी कमावतात? पण याच नावामुळे आमच्या बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यातला. रंग जांभळा, पुढे टोपली आणि दांडा खाली वाकलेला, म्हणजे लेडीज. दिग्रसच्या बाजारातून मला घेतलं ते ताईंच्या लेकीसाठी, वैष्णवीसाठी. चार वर्षं तिने मला शाळेला पळवलं. मग ती शिकायला यवतमाळला गेली आणि मी गोठ्यात गेले. तिथे एका कोंबडीने माझ्या टोपलीत एकवीस दिवस मुक्काम ठोकला. मी कुरकुर केली नाही. रिकामं उभं राहण्यापेक्षा ते बरं होतं.

विमलताई गावच्या आशा सेविका, घरोघरी आरोग्याचं काम पाहणाऱ्या. तीन किलोमीटरवरचा बंजारा तांडाही त्यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनी कोंबडीला हुसकावलं, मला धुतलं आणि आमची जोडी जमली.

आवाज नेमका कधी सुरू झाला, आठवत नाही. खडीच्या रस्त्यावर अंग खिळखिळं व्हायचंच. कुठे दुखतंय ते मला पक्कं ठाऊक होतं, पण सायकलीला विचारतो कोण? ताईंनी सहा महिने कानाडोळा केला. चालतेय ना, मग झालं.

खरी पंचाईत तांड्यावर झाली. लसीकरणाच्या दिवशी नर्सबाई अंगणवाडीत येऊन बसत आणि घरोघरी जाऊन लेकरं बोलावून आणायचं काम ताईंचं. आम्ही पोचलो की पहिल्या घराला कुलूप, दुसऱ्याला कुलूप. हंसाबाईंच्या ओसरीत चहाचा अर्धा पेला वाफाळतोय आणि माणूस एक नाही. हंसाबाईंच्या सुनेची, जमनीची, पोर नऊ महिन्यांची झाली होती. तिची आधीची एक सुई चुकली होती आणि आता गोवरची द्यायची होती. शेजारच्या गावात गोवराने चार लेकरं आजारी पडलेली. परतताना ताईंचा पायडलवरचा पाय जड झालेला मला कळे.

मग एके दिवशी, असंच कुठल्याशा नोंदीसाठी जाताना, बाभळीचा काटा माझ्या चाकात घुसला. ताईंनी मला शेवटचा किलोमीटर हातात धरून नेलं. तांड्यावर सगळी दारं उघडी. हंसाबाई निवांत तूर पाखडत बसलेल्या. आम्हाला पाहून त्यांच्या हातातलं सूप थांबलं.

"काहून वो, पैदल आली? आज आवाज नाही आला तुह्या सायकलीचा," त्या बोलून गेल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

ताईंनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तसं माझ्याकडे आजवर कोणी पाहिलं नव्हतं. इतके महिने मी पुढे पुढे दवंडी पिटत चालले होते आणि बायका लेकरं उचलून मागच्या तुरीतून पसार होत होत्या. मला फार वाईट वाटलं. थोडासा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी आम्ही दिग्रसला घनश्यामच्या सायकल दुकानात. त्याने मला स्टँडवर चढवलं आणि हाताने पायडल गरगर फिरवलं. मी गप्प.

"ताई, इथं तर काहीच वाजत नाही."

"रस्त्यावर वाजते ना भाऊ. बसून पाह्य."

घनश्यामने बाजाराकडे एक नजर टाकली. समोर चहाच्या टपरीवर त्याचे पाच-सहा दोस्त बसलेले. जांभळ्या लेडीज सायकलवर, टोपलीसकट, त्यांच्यासमोरून जायचं? त्याने चैनीला तेल पाजलं, मडगार्ड आवळलं, शीटची स्प्रिंग बदलली आणि छातीठोकपणे सांगितलं, "झालं काम." गावची वेस यायच्या आत मी कट् केलं. अशा आमच्या तीन खेपा झाल्या. तेलावर काळी माती बसून माझी चैन पार चिखलाची झाली.

शेवटी ताईंनी कंबर कसली. पेशंटला विचारतात तशी माझी चौकशी सुरू झाली. कधी दुखतं? बसल्यावर की उभं राहिल्यावर? उतारावर त्यांनी पायडल मारणं थांबवलं. मी गप्प, म्हणजे चाकं निर्दोष. मग शीटवरून उठून पायडल मारलं. कट्. म्हणजे शीटही निर्दोष. मग नुसत्या डाव्या पायाने जोर दिला. गप्प. नुसत्या उजव्याने. कट्. आनंदाने मला रडू यायचं बाकी होतं. आयुष्यात प्रथमच कोणीतरी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं.

ताई तशाच दुकानात. "उजवं पायडल हाय. आता तू बसतं का मी तुह्या आईले बोलावू?"

घनश्याम बसला. कापसाच्या जिनिंगपर्यंत जाऊन आला. टपरीवरून शिट्ट्या वाजल्या, पण त्याच्या कानांनी आवाज पकडला. पायडलचा दांडा मधल्या आसाला एका छोट्या लोखंडी पाचरीने जोडलेला असतो, तिला कॉटर म्हणतात. माझी ती पाचर झिजली होती. त्याने नवी ठोकली. दहा मिनिटांचं काम.

लसीकरणाच्या सकाळी मी मांजरीच्या पावलांनी तांड्यात शिरले. हंसाबाई नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या. पळायला वेळच नव्हता. जमनी दारात थिजली.

"याडी, चला ना," ताई म्हणाल्या. तांड्यावर आईला याडी म्हणतात.

हंसाबाईंनी पोरीला छातीशी घट्ट धरलं. आवाज चढवला नाही.

"मोठ्या नातवाले सुई टोचली, तवा दोन दिवस तापानं फणफणला. हे जमनी एकटी रडत बसली. तू सुईच्या आंधी दहादा येतं. सुईच्या मांगून कोणी आलं का?"

मी भिंतीला टेकून सगळं ऐकत होते. मलाही ते खरंच वाटलं. पुढच्या दिवशी या वाटेवर माझं चाक कधी फिरलंच नव्हतं.

"चुकलं माह्यं," ताई म्हणाल्या. "उद्या येतो. परवाही येतो."

हंसाबाईंनी पोरीला खांद्यावर घेतलं. मग उठल्या. सुई झाली.

दुसऱ्या दिवशी पोरीला ताप होता. आम्ही सकाळी गेलो, संध्याकाळी गेलो, तिसऱ्या दिवशीही गेलो. ताईंनी औषध कसं द्यायचं ते पुन्हा दाखवलं आणि जमनीजवळ बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी पोर हसली आणि हंसाबाईंनी न विचारता चहा पुढे केला.

पुढच्या महिन्यात, पोरीच्या आधी चुकलेल्या सुईच्या दिवशी, आम्ही परत चोरपावलांनी गेलो. ओसरीत हंसाबाई पोरीला नवं झबलं घालून बसलेल्या, आजूबाजूला लेकरं घेतलेल्या सात-आठ बायका. सगळ्यांच्या कपाळाला आठ्या.

"कवाची वाट पाहून राह्यलो," हंसाबाई कडाडल्या. "आवाज ना बिवाज. तू येऊन राह्यली का नाही, हे आम्हाले कसं समजावं?"

ताई हसत सुटल्या. मी मात्र तेव्हापासून विचारात पडले आहे. वाचकहो, तुमच्यापैकी कोणाकडे पाना आणि हातोडी असेल, तर जरा इकडे या. ती उजवीकडची पाचर थोडीशी सैल करून द्या. घनश्यामला सांगू नका.