नवसाची दाढी

त्यांनी लखनला दाढी धरून रिक्षातून खाली ओढलं. एकाने दाढी धरली, दुसऱ्याने चावी काढून खिशात घातली, आणि तिसरा हॉकीची काठी घेऊन नुसताच उभा राहिला. भरदुपार होती. रस्त्यावर रसवंती चालू होती, साड्यांचे गठ्ठे उतरवणारे हमाल होते, भाजी घेणाऱ्या बायका होत्या. कोणी म्हणून कोणी पुढे आलं नाही. येणार तरी कोण? आदल्या दिवशी, शुक्रवारी, मुंबईत बाँब फुटले होते, आणि शनिवारी सकाळपासून सुरतेत जो तो आधी समोरच्याची हनुवटी बघत होता.

“तारुं नाम शुं?”

“लखन.”

“खोटुं बोले छे.”

“लखन पाटील. लायसन देखो ना, भाई.”

लायसनवरच्या फोटोत दाढी नव्हती. पोराने फोटो पाहिला, लखनकडे पाहिलं आणि हे कोणाचं उचललंस म्हणून विचारलं. लखन गुजरातीत सांगू लागला, मग हिंदीत, आणि शेवटी घाबरून पुरता मराठीवर आला. मी शिरपूरकडचा, लिंबायतला राहतो, दाढी नवसाची आहे, देवीची शपथ घेतो.

“मराठी तो वो लोग भी बोलते हैं,” हॉकीवाला म्हणाला. “पँट उतार.”

लखनला वाटलं, नुसतं धमकावतोय. मग त्याने त्या पोराच्या डोळ्यांत पाहिलं. मिसरूड नीट न फुटलेलं पोर, आणि तोंडावर फटाक्याची वात पेटवताना असते तशी मजा. लखन एका लेकीचा बाप. त्याने भर रस्त्यात पँटचं बटण सोडलं.

पुढचं त्याने कोणालाच सांगितलं नाही. पोरं हसली, एवढं खरं. “अरे, आ तो आपणो ज छे,” असं कोणीतरी म्हणालं. चावी परत आली. एकाने त्याची कॉलर सारखी केली. दुसऱ्याने रसवंतीवरून ग्लास आणून हातात दिला आणि दाढी कशाला ठेवतोस, उगाच मार खाल्ला असतास, म्हणून प्रेमाने रागावला. लखनने तो रस प्यायला. पँट सोडली ती भीतीपोटी, त्याबद्दल तो मनाची काहीतरी समजूत घालू शकत होता. पण रस का प्यायलो, हे त्याला काही केल्या कळेना. ग्लास परत देताना तो “आभार” असंही म्हणाला होता.

तिथून तो थेट सुकलालच्या खुर्चीत जाऊन बसला. सुकलाल लिंबायतचा न्हावी, लखनच्याच गावाकडचा.

“काढी टाक,” लखन म्हणाला.

सुकलालने वस्तरा हातात घेतला नाही. “चैत्रनी जत्राले काढणार व्हता ना तू?”

“काढ म्हणस ना.”

सगळ्या लिंबायतला ठाऊक असलेला नवस होता तो. लखनच्या बायकोची, गायत्रीची, दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिसऱ्या वेळी लखनने सप्तशृंगीला हात जोडले, की मूल जगलं तर दाढीला वस्तरा लावणार नाही, चैत्रात लेकराला घेऊन गडावर येईन आणि तिथेच उतरवीन. धनश्री जगली. चांगली गुटगुटीत झाली, दाढीत बोटं घालून ओढायला शिकली. यात्रा तोंडावर आली होती. सुकलालच्या दुकानात केस फरशीवर पडत होते आणि लखन आरशाकडे न बघता बाहेरच्या नळावरची भांडणं बघत होता.

घरी गायत्री दारातच भेटली. तिच्या कडेवर धनश्री होती. नवऱ्याला ओळखायला तिला एक क्षण लागला.

“कोणी मारं का तुम्हले?”

“नही.”

“मंग?”

“गरम व्हत व्हतं.”

रोज त्याने हातपाय धुतले की गायत्री लेक त्याच्याकडे देई. आज ती लेकीला घेऊन आत गेली आणि देवीच्या तसबिरीपुढे बसून राहिली, पदर गच्च ओढून. ती भांडली असती तर लखनला बरं वाटलं असतं. तिच्या मनात काय चाललंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याच्याही मनात तेच होतं. आता लेकराला काही झालं तर?

रविवारी दिवसभर त्याने रिक्षा काढली नाही. आणि संध्याकाळी एकाएकी त्याला आठवलं, उद्या सोमवार. उद्या तसनीमचा गणिताचा पेपर.

तसनीम आणि तिची आई मैमूनाबी ही त्याची ठरलेली गिऱ्हाइकं. दहावीची परीक्षा सुरू झाली त्या दिवशी मैमूनाबीने त्याला त्यांच्या मोहल्ल्यातल्या दवाखान्याजवळ हात केला होता. नकाबातून दिसणाऱ्या डोळ्यांनी तिने त्याला नीट न्याहाळलं आणि विचारलं, भैया, रोज आओगे? लेकीचं परीक्षेचं केंद्र पार रिंग रोडच्या पलीकडे होतं, हिंदूंच्या वस्तीत. तिचा नवरा वारलेला, घर दिराच्या जिवावर. दीर माणूस वाईट नव्हता. पण डिसेंबरच्या दंगलीत त्याने जे पाहिलं होतं, त्यानंतर घरातल्या पोरीने त्या बाजूला पाऊल टाकायचं नाही असं त्याने बजावलं होतं. परीक्षा गेली खड्ड्यात, जीव राहू दे. म्हणून मायलेकी घरी दवाखान्याचं नाव सांगून निघत. हे सगळं तिने लखनला वाटेत थोडं थोडं करून सांगितलं, आपल्या माणसाला सांगावं तसं. लखनने आपण कोण ते सांगितलं नाही. तिने विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याला तो विश्वास आवडू लागला होता.

मोहल्ल्याच्या तोंडाशी डिसेंबरपासून पोरं पहारा देत बसायची. परक्या रिक्षात आपली बाई बसू द्यायची नाही, असा तिथला नियम होऊन गेला होता. दाढीवाला लखन आला की ती पोरं सलाम करत आणि तोही हात वर करी. रोज्यांचे दिवस होते. मायलेकी पाण्याचा थेंब न घेता बसलेल्या, म्हणून लखन चहाची तलफ आली की केंद्रामागच्या टपरीवर जाऊन लपून चहा पिई. अशा रीतीने तीन पेपर सुखरूप पार पडले होते.

सोमवारी त्याला मोहल्ल्याच्या तोंडाशी अडवलं गेलं.

“किधर?”

“दवाखाना. पेशंट है.”

पोरांनी रिकामी रिक्षा वाकून पाहिली आणि आत सोडली. दवाखान्याच्या भिंतीशी दोन काळे बुरखे उभे होते. लखनने रिक्षा त्यांच्यासमोर नेली तशी मैमूनाबी मागे सरकली आणि तिने लेकीला पाठीशी घेतलं.

“भाभी, मैं. रोजवाला.”

मैमूनाबी पुढे आली. तिने त्याच्या गुळगुळीत गालांकडे पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

“ये क्या किया, भैया?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. लखनने हँडलवरचे हात काढले. “भाभी, मैं आपमें से नहीं हूँ. लखन नाम है मेरा. हिंदू हूँ. मुझे पहले ही बताना चाहिए था.”

तिला धक्का बसेल, ती ओरडेल, निदान चार शब्द सुनावेल, या सगळ्याची त्याने तयारी केली होती.

“ते माले पहिलाच दिन समजनं व्हतं, भाऊ,” मैमूनाबी म्हणाली.

ही तर घरची बोली. लखनची आई बोलायची ती. मैमूनाबी दोंडाईचाची होती; ती कुठली, हे त्याने तिला कधी विचारलंच नव्हतं. पहिल्या दिवशी तिने हात केला तेव्हा तो शेजारच्या रिक्षावाल्याशी देवीच्या शपथा घेत अहिराणीत भांडत होता, ते तिने ऐकलं होतं. रोज टपरीवर जाऊन लपून चहा पितोस तेही मला दिसायचं, असं ती म्हणाली. म्हणूनच तर तिने त्याला निवडलं होतं.

“आमनी गल्लीमा तुनी दाढी चालस, तिकडे तुनं नाव चालस. असा माणूस माले आते कोठे भेटी?”

लखनचे कान तापले. शनिवारी तो एकटाच रस्त्यावर उभा होता असं त्याला दोन दिवस वाटत होतं. त्या दाढीवर या दोघींचंही जाणं-येणं अवलंबून होतं, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

“दुसरी रिक्षा आणतो,” तो घाईघाईने म्हणाला. “तुमच्यातला कोणी. मी बोलावून आणतो.”

“तो सांजले मन्हा देरले सांगी. आनि आज दाढीवाला तिकडे जाई का?”

जाईल का, याचं उत्तर लखनइतकं कोणाला ठाऊक होतं? पेपर अकराचा होता. दवाखान्यातलं घड्याळ उघड्या दारातून दिसत होतं आणि काटा दहाच्या पुढे सरकला होता. मैमूनाबीने एकदा मोहल्ल्याच्या तोंडाशी बसलेल्या पोरांकडे पाहिलं, एकदा लखनकडे, आणि लेकीचा हात धरला.

“चल बेटा. घर चल. अगले साल देंगे.”

तसनीम हलली नाही. पुढच्या वर्षापर्यंत घरात बसलेल्या पोरीचं काय होतं ते तिला दिसत होतं. तिच्या दोन चुलत बहिणींची लग्नं अशाच एका पुढच्या वर्षात उरकली होती. तिने हात सोडवून घेतला. कंपासपेटी आणि पॅड रिक्षाच्या सीटवर ठेवलं. नकाब वर केला, मग गळ्याजवळची बटणं सोडली आणि बुरखा डोक्यावरून काढला. आत शाळेचा गणवेश होता, दोन वेण्या होत्या, आणि रोज्याने सुकलेले ओठ. लखनने तिचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. साधी, जराशी पुढे दात असलेली पोरगी.

“तसनीम,” आई म्हणाली. तिच्या आवाजात रागाचा मागमूस नव्हता, नुसती भीती होती. “रोजा है तेरा.”

“रोजा मुँह पे थोडी दिखता है, अम्मी.”

तिने बुरख्याची घडी घातली, नीट, बाह्या आत घेऊन, आणि आईच्या हातात दिली. मैमूनाबीने ती घेतली खरी, पण आता त्या घडीचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. लखनला राहवलं नाही. ही पोर काय करते आहे ते त्याला आईपेक्षाही जास्त कळत होतं.

“बेटा, घाल तो परत. मी काहीतरी करतो. असं नको करू.”

“आपने भी तो निकाली ना, भैया?”

तिने रागाने विचारलं नाही. आपलं बरोबर आहे ना एवढं तिला मोठ्या माणसाकडून ऐकायचं होतं. लखनला तोंड वर करून तिच्याकडे बघता येईना. ती रिक्षात बसली, एकटीच. आई सोबत आली असती तर पोरांनी तिचा बुरखा पाहून तिला परक्या रिक्षातून उतरवून घेतलं असतं. मैमूनाबी भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिने हाताने जा म्हणून खूण केली.

मोहल्ल्याच्या तोंडाशी पोरं उठून उभी राहिली. एकाने रिक्षाच्या टपावर हात ठेवून आत पाहिलं. तसनीम मान खाली घालून कंपासपेटीचं झाकण दाबून बसली होती. त्याने गणवेश पाहिला, वेण्या पाहिल्या, लखनचे गाल पाहिले.

“जाने दे,” तो मागच्यांना म्हणाला. “बाहरवाले हैं.”

रिक्षा मोठ्या रस्त्याला लागली. उड्डाणपुलाशी पोचल्यावर तसनीम बोलली, इतक्या हळू की लखनला इंजिनाच्या आवाजात नीट ऐकण्यासाठी वेग कमी करावा लागला.

“वो लडका हमारे सामने के घर में रहता है,” ती म्हणाली. “हम साथ में पढते थे.”