डबल बेल

लकवा झाला आणि बाबांचा डावा हात लुळा पडला. डॉक्टरांनी बजावलं, "हात चालता ठेवा, नाहीतर कायमचा जाईल." दाबायला दिलेला रबरी चेंडू बाबांनी, म्हणजे एसटीच्या डोमाजी ड्रायव्हरनी, मांजरीला देऊन टाकला. म्हणून मी कॉम्प्युटरवर बसचा गेम लावून दिला, स्टिअरिंग आणि डाव्या हाताला गिअर जोडून. आमच्या अमरावतीच्याच नितेशने त्यात आपली लालपरी आणि अकोटचा रस्ता आणला होता, बार्शीटाकळीच्या संघपालने कंडक्टरची घंटी. गेममध्ये खेळणाऱ्यांनीच केलेल्या असल्या जोडकामाला मॉड म्हणतात. बाबा रोज अमरावती-अकोट करू लागले. बोटं गिअरवर वळू लागली.

मग कंपनीचं अपडेट आलं आणि घंटी मुकी झाली. बाकी सगळं ठीक होतं. इंजिन सुरू होई, दार लागे, पण बाबा जागचे हलेनात.

"चालवा ना बाबा, रस्ता मोकळा हाय."

"डबल बेल कुठी हाय? बेलबिगर गाडी नाई हालवली म्या कधी."

नितेशला फोन केला. "माही बस बरोबर हाय ताई, घंटीवाल्याले विचारा." संघपाल म्हणाला, "त्यानंच बसची फाइल बदलली, मी काय करू?" कंपनीने लिहून कळवलं, मॉड लावले असतील तर आमची जबाबदारी नाही. सगळ्यांनी काखा वर केल्या. मेल्यांनो, भांडायचं तर भांडा, पण लवकर भांडा! इकडे बाबा सुरू बसमध्ये हात मांडीवर टाकून बसलेले. बोटं पुन्हा आखडत होती. माझा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी मी भडकले. "एवढ्याशा घंटीपायी हात घालवता काय? अन् चूक कोनाची, हे कोनी सांगूनच नाई राहिलं!"

"चूक कोनाचीबी असो," बाबा म्हणाले. "बेलची दोरी तुटली त कंडक्टर पत्र्यावर हात मारते. बेल देनं त्याची जबाबदारी. इथं कंडक्टर कोन हाय?"

मी पाण्याचा स्टीलचा ग्लास उचलला आणि टेबलावर दोनदा आपटला.

डावा हात मांडीवरून उठला. एकदा चुकला, मग गिअरवर बसला. बस निघाली. मला रडू आवरेना.

बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. "पोरी," ते म्हणाले, "अकोट लांब हाय. मधातच उतरू नोको."