हेल्मीला ऍरिझोनात सगळं ऐकू येतं

आयली रुओनाने तीस वर्षं देशाच्या बर्फाळ उत्तर टोकावरच्या केतोला गावच्या शाळेची बस चालवली. कुठलं पोर कुठल्या वळणावर ओकतं इथपासून कुणाच्या घरी सकाळी-सकाळी भांडी आपटतात इथपर्यंत सगळं तिला ठाऊक असायचं. निवृत्त झाली आणि ही रसद तुटली. दोन महिने तिने कसेबसे काढले, मग वायरलेस ऐकायचा स्कॅनर आणला.

वीतभर काळी पेटी होती ती. आयलीने ती फ्रिजवर ठेवली आणि तिची तार खिडकीतून छपरावर नेली. पोलीस, आगीचा बंब, रुग्णवाहिका, बर्फ हटवणारे ट्रक, वायरलेसवर जो कोणी बोलेल तो तिच्या स्वयंपाकघरात येऊन बोलल्यासारखा ऐकू यायचा. ऐकायला कायद्याची मनाई नव्हती. रोज दहा वाजता तिची बालमैत्रीण हेल्मी वेलदोड्याचा पाव घेऊन यायची आणि दोघी कॉफी पीत तास-दोन तास ऐकत बसायच्या.

मार्चमध्ये हेल्मीच्या मुलीने तिला ऍरिझोनाला नेलं. हेल्मीच्या गुडघ्यांना बर्फ सोसेनासा झाला होता.

"काय चाललंय तिकडे?" आयलीने फोनवर विचारलं.

"ऊन."

"आणि काल?"

"काल पण ऊनच होतं. शेजारी एक दंतवैद्य राहतो. त्याच्या घरात काही म्हणजे काही घडत नाही गं. मी आठ दिवस खिडकीत बसून बघितलं."

हेल्मीचा आवाज इतका पडला होता की आयलीला राहवेना. ती वाचनालयात गेली आणि तिथल्या बाईंचं डोकं खाऊन सगळं समजून घेतलं. स्कॅनरच्या इयरफोन लावायच्या भोकातून एक वायर काढायची, ती जुन्या कॉम्प्युटरला जोडायची आणि आवाज इंटरनेटवर सोडायचा.

"साऱ्या जगाला ऐकवायचंय का?" बाईंनी विचारलं.

"जगाचं काय करायचंय? एकाच बाईला ऐकवायचंय."

मग पासवर्ड ठेवायचा ठरलं. तो दोघींखेरीज कुणालाच माहीत नव्हता.

एप्रिलपासून दहाची कॉफी पुन्हा सुरू झाली, एक कप इथे, एक तिथे. आवाज ऍरिझोनाला पोचायला अर्धं मिनिट लागायचं एवढंच. आयली एखाद्या गोष्टीवर हसायची, हेल्मी फोनवर म्हणायची, "सांगू नकोस, सांगू नकोस," आणि अर्ध्या मिनिटाने तीही हसायची.

इथवर ठीक होतं. पण हेल्मीच्या पोटात काही राहत नसे. जूनमध्ये वायरलेसवर आलं की कुणाची तरी तांबडी गाय हमरस्त्यावर उभी आहे. तांबडी गाय गावात एकाचीच, म्हाताऱ्या वायनोची. हेल्मीने त्याला फोन लावला.

"वायनो, तुझी गाय रस्त्यावर आहे बघ."

"तू कुठून बोलतेस?"

"ऍरिझोनातून."

वायनोने रिसीव्हर खाली ठेवला. मग काठी घेऊन निघाला, तर गाय खरोखरच रस्त्यावर.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. हेल्मीच्या आजीला म्हणे स्वप्नात बोटी बुडताना दिसायच्या. आजीचं नातीत उतरलं, एवढंच. हेल्मीने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पुढे कुणाच्या धुराड्याला आग लागली, कुणाचा मुलगा खड्ड्यात गाडी घालून बसला, की हेल्मीचा फोन आधी आणि बंब मागून.

"अगं, हे आपल्या दोघींतलं होतं," आयली म्हणाली.

"मी कुठे काय सांगते? विचारपूस करते फक्त."

पोलीस डेप्युटी रूडी टर्व्होला मात्र हे झोंबायला लागलं. सप्टेंबरात कुणीतरी तक्रार केली की वायनो मागच्या अंगणात जुने टायर जाळतोय. रूडी वायरलेसवर कळवून निघाला. पोचला तेव्हा विस्तवावर पाणी पडलेलं, टायर गोठ्यात लपवलेले आणि वायनो पायरीवर कॉफी पीत बसलेला.

"ये रूडी. हेल्मी म्हणालीच तू येतोयस. तिला धूर दिसला."

"इथून दोन हजार मैलांवर?"

"तिच्या आजीला तर समुद्रापारचं दिसायचं," वायनो शांतपणे म्हणाला.

रूडी लहानपणी आयलीच्याच बसमधून शाळेत जायचा. तिच्या छपरावरची तार त्याने पाहिली होती, हेल्मी तिची मैत्रीण हेही त्याला माहीत होतं. आता रंगेहाथ पकडायचं होतं.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी ल्युथरन चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात बायका शनिवारच्या विक्रीसाठी पॅस्ट्या करत होत्या. मांस, बटाटा आणि सलगम भरून मुरड घातलेल्या शेकडो पॅस्ट्या. मुकादम होती लेम्पी, रूडीची आई. रूडीने कंट्रोल रूममधल्या मुलीला हे नाटक आहे असं आधीच सांगून ठेवलं, चर्चच्या मागे गाडी लावली, तळघराच्या खिडकीशी उकिडवा बसला आणि वायरलेस तोंडाशी धरला.

"कंट्रोल, ल्युथरन चर्चच्या स्वयंपाकघरात अस्वल शिरलंय. मोठं आहे. मी निघालोय."

आयलीच्या हातातला कप तसाच राहिला. आत बारा बायका होत्या. तिने आधी बूट शोधले, म्हणून हेल्मीचा फोन आधी लागला. रूडीला खिडकीतून दिसलं, आईने पिठाच्या हाताने रिसीव्हर उचलला.

"लेम्पी," हेल्मी म्हणाली, "स्वयंपाकघरात जाऊ नकोस. मला दिसतंय, तिथे अस्वल आहे."

"मी स्वयंपाकघरातच आहे, हेल्मी."

"मग मागे बघ."

लेम्पीने मागे बघितलं. "मागे सायमा आहे, सलगम चिरतेय."

"ती नव्हे."

रूडीने हसू दाबायला टोपी तोंडात धरली. हेल्मी पकडली गेली, आयली पकडली गेली, काम फत्ते. तो उठून गुडघे झटकतोय तोच वायनोची गाडी करकचून थांबली आणि वायनो बंदूक घेऊन उतरला. त्याच्या मागून आगीचा बंब, त्यावर चार जण आणि दोरखंड. मग बर्फ हटवणारा ट्रक. हा का आला ते ड्रायव्हरलाही सांगता येईना. अस्वल बघायचं होतं, म्हणाला. शेवटी वनखात्याचा माणूस आला, गाडीला अस्वलाचा भलामोठा पिंजरा जोडून.

रूडीने एका कानासाठी फास लावला होता. वायरलेस बंबावर, ट्रकमध्ये आणि वनखात्यातही असतो, आणि हेल्मी एका फोनवर थांबत नाही, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

"कुठून शिरलं?" वनखात्याच्या माणसाने वही काढली.

"म्हणजे... त्याचं असं आहे," रूडी म्हणाला.

तेवढ्यात लेम्पी जिना चढून वर आली. एप्रनला हात पुसत तिने बंब पाहिला, पिंजरा पाहिला, मग मुलाकडे पाहिलं.

"रूडी, माझ्या स्वयंपाकघरात अस्वल आहे असं तू म्हणालास?"

"आई, तो एक सापळा होता."

"अस्वलासाठी?"

"नाही. आयलीबाईंसाठी."

नेमकी तेव्हाच आयली पोचली. एका हातात पातेलं, दुसऱ्यात डाव. अस्वल आवाजाला भितं असं तिने ऐकलं होतं. सगळे तिच्याकडे बघायला लागले, तेव्हा तिने डाव पातेल्यात ठेवला आणि जे होतं ते सांगून टाकलं, वायर, कॉम्प्युटर, पासवर्ड, सगळं.

"म्हणजे हेल्मीला दिसत नाही?" वायनोचा चेहरा उतरला.

"दिसत नाही रे. ऐकू येतं."

"ते आजच्या आज बंद करा, आयलीबाई," रूडी म्हणाला. "मी पोचायच्या आत माणूस टायर लपवून बसतो."

"थांब जरा," लेम्पी म्हणाली. "हा वायरलेसवर जे बोलतो ते हेल्मीला ऍरिझोनात ऐकू येतं?"

"शब्दन् शब्द," आयली म्हणाली.

"आणि मला इथे नाही. मी स्कॅनर घ्यायचं म्हटलं तर हा म्हणाला, आई, तू उगाच काळजी करत बसशील. चार वर्षं मी त्याच्या गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसतेय." ती आयलीकडे वळली. "मलाही दे तो पासवर्ड."

"आई..."

"तू आत जा आणि सलगम सोल. या सगळ्यांना तू बोलावलंयस. आता उपाशी परत जाणार का ते?"

रूडी आत गेला. दीड तास त्याने सलगम सोलले, बायका सालींच्या जाडीवरून त्याला बोलत राहिल्या आणि आगीच्या बंबावरच्या चौघांनी पहिला घाणा उभ्या-उभ्या संपवला. वनखात्याच्या माणसाने वहीत 'अस्वल निघून गेले' असं लिहिलं आणि दोन पॅस्ट्या बांधून घेतल्या. ठरलं एवढंच की इथून पुढे हेल्मीने कुणालाही फोन करायचा तो तासाभराने. आयलीने तिथूनच तिला ते कळवलं. हेल्मी म्हणाली, तासाभराने विचारपूस करण्यात काय अर्थ आहे, पण कबूल झाली.

नोव्हेंबर उजाडला तसा रूडीचा वायरलेसवरचा आवाज पालटला. आधी तो कंट्रोल रूमच्या मुलीवर खेकसायचा, आता 'कृपा करून' आणि 'आभारी आहे' म्हणायला लागला. एकदा तो वायरलेसवर दोनदा खोकला, तर वीस मिनिटांत मुलगी म्हणाली, "डेप्युटी, तुमच्या आईचा निरोप आहे, मफलर मागच्या सीटवर आहे."

दुसऱ्या आठवड्यात तो आयलीच्या दारात उभा राहिला. टोपी हातात, मफलर गळ्यात.

"आयलीबाई, तो पासवर्ड बदलता येतो का?"

"येत असेल."

"मग बदला ना. हेल्मीबाईंना नवा द्या. फक्त आईला जुनाच असू द्या."

आयलीला ते पाच मिनिटांचं काम होतं. तिने खुर्ची पुढे ओढली आणि त्याच्यासाठी कप घेतला.

"मला कुठलं जमतंय रे ते," ती म्हणाली. "बस. कॉफी घे. आणि हळू बोल, फ्रिजवरचं ऐकू येत नाही."