परकं कोकरू

सारजाचं मूत्रपिंड सोनबाच्या पोटात बसवलं, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. लासुर्ण्यात मूत्रपिंड कुणी म्हणत नाही, किडनी म्हणतात; आणि सारजा तर नुसतं 'माझी' म्हणायची. "माझी कशी हाय आज?" असं ती रोज सकाळी नवऱ्याच्या पोटाकडं बघून विचारायची. नवरा कसा आहे हे विचारायची गरज तिला चाळीस वर्षांत कधी भासली नव्हती.

ऑपरेशन पुण्याला झालं आणि पुढची तपासणी बारामतीला ठरली. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टर राजेश्वरी मॅडमनी पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं होतं. अंगातल्या पांढऱ्या पेशी राखणीला असतात. परकी वस्तू दिसली की त्या तिच्यावर तुटून पडतात, मग ती जंतू असो की कुणी प्रेमानं दिलेली किडनी. म्हणून त्यांना जरा सुस्त ठेवायच्या गोळ्या.

सोनबाची हयात मेंढरांमागं गेलेली. तो म्हणाला, "म्हंजे कातडं पांघरायचं म्हना की."

"कसलं कातडं, आबा?"

सोनबानं सांगितलं. मेंढीचं कोकरू मेलं आणि कळपात दुसरं एखादं पोरकं असलं, तर मेंढी त्याला जवळ करत नाही. हुंगते आणि डोक्यानं उडवून लावते. मग मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्याच्या पाठीवर बांधायचं. मेंढी हुंगते, लेकराचा वास येतो, ती पाजते.

"अगदी बरोबर!" मॅडम म्हणाल्या. त्यांना ते उदाहरण इतकं आवडलं की पुढं त्यांनी ते प्रत्येक पेशंटला सांगितलं आणि डॉक्टरांच्या एका सभेत कोकराच्या फोटोसकट पडद्यावर दाखवलं. उदाहरण इतकं झकास होतं की ते पुरतं ऐकून घ्यावं असं कुणालाच वाटलं नाही. पुढचा भाग मॅडमनी विचारला नाही, आणि तो न सांगताही कळतो असं सोनबाला वाटलं: चौथ्या दिवशी कातडं काढून टाकतात. तोवर मेंढीचं दूध कोकराच्या अंगी लागलेलं असतं आणि त्यालाच तिचा वास यायला लागतो. त्यानंतरही कातडं ठेवणं म्हणजे मेंढक्याचा आळस.

सोनबा आळशी नव्हता. त्यानं चार दिवसांच्या जागी वर्षभर दम धरला, कारण मामला नाजूक होता, आणि मग कातडं काढलं. म्हणजे सारजानं दिलेली गोळी जिभेखाली धरायची, आणि ती वळली की गोठ्यामागं थुंकायची. तिथली एक कोंबडी ती टिपायची. त्या दिवसांत ती कोंबडी मांजराच्या शेजारी जाऊन बसायला लागली होती, असं त्याची सून दिपाली नंतर सांगे.

महिना झाला नसेल, तोच पाय सुजले, लघवी आटली, अंगात ताप भरला. दिपालीनं गाडी काढली आणि सासू-सासऱ्यांना बारामतीला आणलं. मॅडमनी रिपोर्ट पाहिले. "आबा, गोळ्या चालू आहेत ना?"

"कातडं काढलं की मागंच," सोनबा म्हणाला. "चौथ्या दिवशी काढत्यात, म्या तर वरीसभर ठिवलं."

मॅडम खुर्चीत बसल्या. बहुधा त्यांना पडद्यावरचा फोटो आठवत असावा. मग म्हणाल्या, "शिरेतून जोराची औषधं देऊ. पेशी शांत झाल्या तर किडनी राहील. नाहीतर जाईल."

"जाईल म्हंजे?" सारजानं विचारलं. "मला माघारी मिळंल?"

"नाही, मावशी."

"मंग मी दिली कशाला?"

सारजा खिडकीकडं तोंड करून बसली आणि सोनबाशी बोलायची थांबली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दुपारी सलाईन थेंब थेंब उतरत होतं, पंखा फिरत होता, आणि सोनबाला आपल्या हाताच्या शिरेतून घुंगरांचा आवाज यायला लागला.

तो उठला आणि आवाजामागं चालू लागला. पुढं मेंढरं होती, त्याचीच. तांबडी, वाटोळी, मधे जराशी दबलेली. त्यांना पाय नव्हते, तरी चालत होती. थकून रंग काळपटला होता. वाटेत चार खणांचं घर लागलं. घर धपापत होतं. दारं एकाच बाजूला उघडणारी. मेंढरं पुढं गेली की मागं झाप मिटायची, एकालाही माघारी वळता येत नव्हतं. अशी दारं आपल्या वाघरीला, मेंढरं कोंडायच्या जाळीला, असती तर निम्मी पळापळ वाचली असती, असं सोनबाला वाटलं.

उजव्या खणातून घरानं कळप कोकणाकडं लोटला. दिवाळीनंतर मेंढरं कोकणात उतरतात हे सोनबाला ठाऊक होतं. आपल्या छातीतही कोकण आहे हे ठाऊक नव्हतं. ओलसर, पातळ फुग्यांची रानंच्या रानं होती, आणि वारा समुद्रासारखा आत येत होता, बाहेर जात होता. मेंढरांनी शिळा वारा उतरवला, ताजा पाठीवर घेतला आणि बघता बघता गेरू फासल्यासारखी लालभडक झाली. मग पुन्हा तेच घर, यावेळी डावे खण, आणि तिथून असा धक्का की सोनबाचा पटका उडाला. वाटेला फाटे, फाट्यांना पायवाटा, शेवटी एकेक मेंढरू अंग चोरून जाईल एवढी बोळ. तिथं उंबऱ्या-उंबऱ्यावर ताजा वारा द्यायचा, शिळा उचलायचा आणि घराकडं फिरायचं. सोनबाला ज्या फेरीला वर्ष लागायचं ती इथं मिनिटभरात उरकत होती, आणि वाटेत कुणी "रानात का घातली मेंढरं?" म्हणून अंगावर येत नव्हतं.

कंबरेच्या खाली मात्र कुत्री भुंकत होती.

पांढरी कुत्री. भिंतीतून अंग सोडवून ती एकेक करून बाहेर येत होती, आणि त्यांच्या गराड्यात मुठीएवढं कोकरू उभं होतं. त्याच्या नाकात सारजाची चमकी होती. कुत्री लचके तोडत होती आणि कोकरू खाली मान घालून पाणी गाळत होतं. हातातलं काम सोडायला तयार नव्हतं.

"हाट! सोडा तिला! आपली हाय ती!" सोनबा ओरडला.

म्होरक्या कुत्र्यानं मान वळवली. "वास घ्या की मालक. आपली कुठं?"

"आरं, चाळीस वर्सं संसार केलाय तिच्यासंगं!"

"तो तुमी केला. आमाला कुठं इचारलं?"

"लांडग्यावर जा की मंग!"

"आला तर जाऊच. पन परकं ते परकं. ल्हानपनी छातीतल्या साळंत आमाला येवढंच शिकिवलं. ज्यांनी घरच्यावर दात धरला त्यांना तितंच संपिवलं. आमी पास झाल्यालं हाय."

कुत्रं प्रामाणिक होतं, शिकलेलं होतं आणि कामावर हजर होतं. असल्याशी वाद घालणं फार अवघड.

त्यानं कातडं शोधलं. ते त्यानंच फेकलं होतं. मग खांद्यावरचं घोंगडं काढून त्यानं कोकरावर टाकलं आणि वरून आपण पालथा पडला. आभाळातून गार थेंब पडायला लागले, एकेक, सावकाश. कुत्र्यांचे जबडे सैल झाले. एक बसलं, दुसरं बसलं. पंजावर हनुवटी टेकून सगळी पडून राहिली. झोपली मात्र नाहीत.

डोळे उघडले तेव्हा सारजा पलंगाखाली वाकून लघवीची पिशवी बघत होती.

"भरतीया," ती म्हणाली. पिशवीला म्हणाली की त्याला, ते कळलं नाही.

चार दिवसांनी मॅडम रिपोर्ट घेऊन आल्या. "वाचली. पण आबा, गोळी आता जन्मभर. यात चौथा दिवस येत नाही."

"कवाच न्हाय? माझ्या अंगाला ती आपली वाटायचीच न्हाय?"

"नाही."

सोनबाला बायकोकडं बघायची लाज वाटली. जणू त्यानंच तिला घराबाहेर उभं केलं होतं.

"त्यात काय येवढं," सारजा म्हणाली. "तुमच्या आईलाबी मी शेवटपतुर परकीच हुते. मामंजी वसरीवर बसल्यालं असायचं, म्हनून त्या गप. मामंजी बाजाराला गेलं की सुरू."

मॅडमचे डोळे चमकले. "म्हणजे गोळी म्हणजे वसरीवरचे सासरे!" त्यांनी फोन काढला.

"थांबा मॅडम," सोनबा घाईनं म्हणाला. "आदी सगळं इचारून घ्या. आमचं वडील पुढं वारलं."

मॅडमचं बोट थांबलं. "मग?"

"मंग ह्यास्नी बसिवलं वसरीवर," सारजा म्हणाली. "येक उठला की दुसरा बसवायचा. वसरी रिकामी ठेवली की संपलं."

मॅडमनी ते पुरतं लिहून घेतलं. सारजानं गोळी नवऱ्याच्या तोंडात टाकली, पाणी पाजलं. "जीब वर करा."

सोनबानं जीभ वर केली. ती वाकून बघत राहिली, समाधान होईतो. मग तिनं त्याच्या पोटावर हलकेच हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

सोनबाचे डोळे मिटू लागले. लांबवर घुंगरं वाजत होती. मेंढरं कोकणातून घराकडं निघाली होती, आणि वाटेवर पांढरी कुत्री एक डोळा उघडा ठेवून पडली होती. त्यांच्यामधून ते कोकरू, वास न बदलता, आपल्या कामाला चाललं होतं.